१४ वर्षांचे विधुर आणि कोऱ्या रकान्यांचा इतिहास

१९५० च्या अमेरिकन जनगणनेचे तक्ते छापून आले, तेव्हा त्यांत १४ वर्षांचे दीड हजारांहून अधिक विधुर होते. वय वाढेल तसे विधुर वाढावेत, ही जगरहाटी. इथे मात्र पुढच्या काही वयांत त्यांची संख्या घटत गेलेली दिसत होती.

आन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९६२ साली याचा उलगडा केला. त्यांच्या निबंधाचे शीर्षक एखाद्या रहस्यकथेला शोभावे असे होते : ‘द केस ऑफ द इंडियन्स अँड द टीन-एज विडोज’. (यातले ‘इंडियन्स’ म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतील मूलनिवासी.) १० ते १४ आणि २० ते २४ या वयोगटांतील मूलनिवासी पुरुषांची संख्याही अशीच अवास्तव फुगलेली होती.

दोष पंच कार्डांत होता. प्रत्येक माणसाची माहिती एका कार्डावर भोके पाडून नोंदवली जाई. कोणत्या रकान्यात वय, कोणत्यात वंश, कोणत्यात वैवाहिक स्थिती, हे कार्ड स्वतः सांगत नसे. तो अर्थ वेगळ्या संकेतपुस्तिकेत असे, आणि यंत्र फक्त भोकाची जागा पाही. मोजक्या कार्डांवर काही भोके एक रकाना उजवीकडे पडली. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे म्हणून वाचले गेले आणि नसलेली माणसे जन्माला आली.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. देशाची लोकसंख्या सुमारे १५ कोटी. तिच्यात काही हजार चुकीची कार्डे सहज विरून जातात. पण मूलनिवासी होते अवघे साडेतीन लाखांच्या आसपास. बहुसंख्यांच्या नोंदीतील नगण्य चूक अल्पसंख्यांच्या तक्त्यात येऊन पडली, की ती डोंगराएवढी होते.

१९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल यांनी ‘एसपीएसएस’ ही संगणकप्रणाली रचली. ती काही या चुकीचे उत्तर म्हणून जन्मली नव्हती. पण जग तेच होते, ८० रकान्यांच्या कार्डांचे. नाय राज्यशास्त्राचे विद्यार्थी. मतदारांच्या सर्वेक्षणांतून निष्कर्ष काढायचे, तर आकड्यांना नावे हवीत, ही त्यांच्यासारख्यांची रोजची गरज होती. चलाचे नाव ८ अक्षरांत बसवावे लागे. म्हणून त्याला सविस्तर लेबल जोडण्याची सोय झाली. ‘१’ म्हणजे काय आणि ‘२’ म्हणजे काय, हेही आकडेवारीसोबतच राहू लागले. संकेतपुस्तिका हरवली तरी अर्थ हरवेना.

तिसरी आज्ञा होती ‘मिसिंग व्हॅल्यूज’. वय न सांगणाऱ्यासमोर ‘९९’ लिहिण्याचा प्रघात होता. नऊ माणसे ३० वर्षांची आणि दहाव्याने वय सांगितले नाही, तर भाबडे यंत्र सरासरी काढते ३६.९! ‘९९ हे वय नव्हे’ असे या आज्ञेने यंत्राला बजावता येई. शिवाय असे एकाहून अधिक संकेत ठरवता येत; त्यामुळे ‘माहीत नाही’, ‘सांगणार नाही’ आणि ‘प्रश्न लागूच नाही’ ही तीन निरनिराळी मौने एकाच कोऱ्या जागेत मिसळून जात नसत.

मात्र ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना सरळ वगळावे का, हा पेच उरलाच. उत्पन्न लपवणारा माणूस बहुधा इतरांसारखा नसतो. त्याला वगळले की सरासरीच कलते. १९७६ साली डोनाल्ड रुबिन यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकातील निबंधात हाच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला : उत्तर गहाळ होण्यामागील प्रक्रिया केव्हा दुर्लक्षिता येते आणि केव्हा नाही. तोवर बहुतेक संशोधक अपुरी कार्डे बाजूला काढून मोकळे होत असत.

२००९ साली आयबीएमने एसपीएसएस विकत घेतले. पंच कार्डे केव्हाच वस्तुसंग्रहालयात गेली होती. ‘व्हॅल्यू लेबल्स’ आणि ‘मिसिंग व्हॅल्यूज’ या आज्ञा मात्र त्यात अजूनही त्याच नावांनी दिल्या जातात.