पित्ताची वाट

कामशेतला मटणाच्या दुकानात खाटीक कलेजी सोडवत असतो, तेव्हा त्याची सुरी एका जागी एकदम मंदावते. हिरवट पिशवी तो अलगद खुडून बाजूला टाकतो. ती फुटली तर सगळी कलेजी कडू. यकृतरोपण करणाऱ्या सर्जनचा हातही इथेच मंदावतो. फरक इतकाच, की खाटकाला पित्त टाकून द्यायचं असतं आणि सर्जनला त्याला वाट काढून द्यायची असते.

या वाटेचं मूळ सापडतं जठराच्या शस्त्रक्रियेत. 1890 च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सेझार रू यांनी एक युक्ती काढली. लहान आतडं कापायचं, खालचं टोक वर ओढून हव्या त्या जागी जोडायचं आणि वरचं टोक खाली त्याच आतड्याच्या कुशीत सोडायचं. आकार होतो इंग्रजी ‘वाय’चा. लोणावळेकराला हे नवल वाटू नये. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पूर्वेकडे जाणारं पाणी टाटांनी वळवणला अडवलं आणि नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरवून 1915 मध्ये वीज काढली. वाट नसेल तिथे वाट बांधायची, एवढंच.

पित्तासाठी रू यांची ही वाट यकृतरोपणात फार उपयोगी पडली. 1989 मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या लेकराला यशस्वीपणे बसवला. भारतात नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीच्या अपोलोत बापाने चिमुकल्याला यकृताचा तुकडा दिला. अशा बाळांपैकी बहुतेकांची पित्तनलिका जन्मतःच बुजलेली. जोडायला स्वतःची नळीच नाही, म्हणून मग रू यांचं आतडं.

मोठ्या माणसाला तुकडाही मोठा लागतो. 1996 मध्ये हाँगकाँगने दात्याचा उजवा भाग काढून बसवायला सुरुवात केली आणि खरी परीक्षा लागली. तुकड्यातल्या पित्तनळीचं तोंड तीन-चार मिलिमीटरचं. दात्याच्या अंगाला फार जवळ कापली, तर त्याची उरलेली नळी आवळते. फार दूर कापली, तर एकाऐवजी दोन-तीन तोंडं हाती येतात. शिवायचं केसासारख्या, पुढे आपोआप विरघळणाऱ्या धाग्याने. शिवाय नळीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या तिच्या दोन्ही कडांनी, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धावतात. नळी साफ सोलून काढण्याचा मोह झाला, की त्या तुटतात. उपाशी नळी मग गळते, नाहीतर आक्रसते. केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी या जोडाला यकृतरोपणाचं मर्मस्थान मानलं होतं. आपण दुर्योधनाची मांडी म्हणू.

नव्वदीच्या अखेरीस सर्जनांना साधी गोष्ट सुचली. मोठ्या रुग्णाची स्वतःची नळी बहुधा धडधाकट असते, मग आतड्याचा वळसा कशाला? नळीला नळीच जोडायची. आतडं कापावं लागत नाही आणि पित्त आपल्या जुन्याच दाराने उतरतं. त्याहून मोठा फायदा पुढे कळतो. जोड आवळला, तर तोंडातून दुर्बीण घालून तिथवर पोचता येतं, स्टेंट बसवता येतो. आतड्याच्या लांब वळशातून दुर्बीण सहसा पोचत नाही. मग बरगड्यांमधून सुई यकृतात घालावी लागते. गळती आणि आक्रसणं मात्र याही जोडाला चुकलेलं नाही. रुग्णाची नळीच आजारी असेल, तर रू यांचं आतडं आजही कामाला येतं.

म्हणून रोपणानंतर वर्षाने कुणाचे डोळे पुन्हा पिवळे दिसले, की डॉक्टर आधी जुना कागद काढतात: जोड नळीला आहे, की आतड्याला?