दप्तर उघडताना

सरकारी कचेरीत मागितल्या जाणाऱ्या पैशाला मराठीत किती नावे आहेत, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे. दाखल्यासाठी कारकुनाच्या हातावर टेकवायची ती चिरीमिरी. तिलाच चहापाणी म्हटले की मागणाऱ्याची लाज मोडते. अडलेल्या फायलीवर वजन ठेवावे लागते. ठरल्या तारखेला पोचतो तो हप्ता, कामाच्या बिलातून कापली जाते ती टक्केवारी, आणि पैशाला हातही न लावता काम करून देतो तो वशिला. ही नावे म्हणजे एकाच गोष्टीचे समानार्थी शब्द नव्हेत. प्रत्येकामागचा व्यवहार वेगळा आहे. चिरीमिरी देणाऱ्याला आपण नाडलो गेलो हे ठाऊक असते, म्हणून तो तक्रार तरी करू शकतो. टक्केवारीत देणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात. ज्याच्या गावचा रस्ता पहिल्या पावसात वाहून जाणार असतो, तो त्या खोलीत नसतोच. वशिल्यात तर रांगेतल्या कोणाची पाळी गेली, हे ज्याची गेली त्यालाही कळत नाही. या साऱ्यांवर ‘भ्रष्टाचार’ हा एकच शब्द पांघरला, की उपायही एकच सुचतो: माणसे चांगली हवीत. तेवढ्यावर थांबायचे असेल, तर वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

सार्वजनिक सेवांतील भ्रष्टाचार आणि उत्तरदायित्व या विषयाकडे तुम्ही नव्याने वळत असाल, तर सुरुवात माणसाच्या नीतीपासून करण्याऐवजी नोंदीपासून करावी, असे मी सुचवेन. काय घडले ते कुठे लिहिले गेले, कोणी लिहिले आणि ते कोणाला वाचता येते, हे तीन प्रश्न हाताशी असले की हा विषय पुष्कळसा उलगडतो. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द जड वाटत असेल, तर आपला रोजचा ‘जबाबदार’ घ्यावा. त्यात ‘जवाब’च दडलेला आहे. ज्याच्याकडे उत्तर मागता येते तो जबाबदार. आणि उत्तर मागणाऱ्याच्या हातात कागद नसेल, तर त्याच्या प्रश्नाला कचेरीत फारशी किंमत राहत नाही.

हे कोणा विद्वानाने प्रथम सिद्ध केलेले नाही. राजस्थानातल्या मजुरांनी ते दाखवून दिले, आणि या विषयाच्या अभ्यासकाला ज्याचा अभिमान वाटावा असा हा भाग आहे. भारतीय प्रशासन सेवा सोडून आलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही मंडळी १९८७मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यात राहायला गेली. १ मे १९९० रोजी तिथल्या शेतकरी-मजुरांसह मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. झगडा साध्या गोष्टीचा होता. दुष्काळी कामावर दिवसभर राबूनही किमान मजुरी हाती पडत नव्हती. का, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: तुम्ही काम कमी केले, मोजमापात तसे लिहिले आहे. ते मोजमाप दाखवा म्हटले, तर ते सरकारी कागद, दाखवता येत नाहीत. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हेर होते. त्यातून मुरलेली गुप्ततेची सवय मात्र खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीपर्यंत पोचली होती.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. एका सहृदय अधिकाऱ्यामुळे काही कागद पाहायला मिळाले होते. गावकऱ्यांसमोर हजेरीपट, म्हणजे मस्टर, मोठ्याने वाचले गेले. अमुक बाई, इतके दिवस, इतकी मजुरी. ती बाई समोरच बसलेली. तू गेली होतीस का कामावर? नाही. नोंदीत पूर्ण झालेली इमारत गावात अर्धवट उभी होती, आणि ते पाहायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. वाचकांनी इथे थोडे थांबावे, कारण पुढच्या साऱ्या चर्चेचे बीज या प्रसंगात आहे. लेखापरीक्षक कागद कागदाशी ताडून पाहतो. मस्टर, बिल आणि पावती यांची बेरीज जुळली की त्याचे समाधान होते, आणि खोटे मस्टर लिहिणारा ती बेरीज जुळवूनच ठेवतो. कोट किरानात तोच कागद माणसांशी ताडून पाहिला गेला. लिहिता-वाचता न येणारा मजूर तिथे सर्वांत जाणकार साक्षीदार ठरला, कारण आपण कुठल्या दिवशी कुठे होतो हे त्याला पक्के माहीत होते.

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केले, की विकासकामांच्या कागदपत्रांच्या नकला नागरिकांना मिळतील. वर्ष उलटले तरी आदेश निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६पासून ब्यावरच्या चांग गेटपाशी धरणे सुरू झाले आणि ते चाळीस दिवस चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या काळातली. त्याच वर्षी माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. पुढचा क्रम मराठी वाचकाच्या जवळचा आहे. १९९७मध्ये तामिळनाडूपाठोपाठ गोव्याने आपला कायदा केला. महाराष्ट्राने २०००चा कमकुवत कायदा बाजूला सारून २००२मध्ये नवा आणला. त्यासाठी अण्णा हजारे यांनी चालवलेले आंदोलन अनेकांना आठवत असेल. विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड ही त्यातली तरतूद, आणि १२ ऑक्टोबर २००५पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यातही दंडाचा हाच दर आहे. तीस दिवसांत उत्तर आणि माहिती का हवी याचे कारण सांगण्याची सक्ती नाही, या त्याच्या दोन खुणा. त्यातली दुसरी मला अधिक मोलाची वाटते. कारण विचारणे हाच तोवर नकार देण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता.

२००५मध्येच आणखी एक धागा जुळला. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना सुरू केली आणि १९७७मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. आपल्याकडे ‘रोहयो’ आणि ‘मस्टर’ हे शब्द घरोघर गेले ते तेव्हा; खोट्या मस्टरच्या बातम्याही त्यांच्या मागोमाग आल्या. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात महाराष्ट्राचा कामाचा हक्क आणि राजस्थानचा हिशेबाचा आग्रह एकत्र आले. त्या कायद्याच्या कलम १७ने सामाजिक अंकेक्षणाचे, म्हणजे कामांचा हिशेब लोकांनीच तपासण्याचे, काम ग्रामसभेकडे सोपवले.

हिशेबावर दुसऱ्याची नजर असावी, हा विचार आपल्या मातीला परका नाही. मराठेशाहीत मामलेदाराच्या जोडीला फडणीस, मुजुमदार यांसारखे दरकदार असत. त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यामुळे एकट्याने लिहिलेला हिशेब हुजुरात खपवणे अवघड जाई. मात्र ती नजर सरकारचीच होती, रयतेची नव्हे.

इतके वाचून कोणाला वाटेल, की कागद उघडा झाला म्हणजे झाले. तसे असते तर किती बरे होते. रॉबर्ट वेड यांनी दक्षिण भारतातल्या कालवा खात्यावर १९८२मध्ये लिहिलेला निबंध या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने लवकर वाचावा. अभियंते मलईदार जागेवर बदली मिळवण्यासाठी पैसे मोजतात, मग ते कंत्राटदारांकडून आणि पाण्यासाठी अडलेल्या शेतकऱ्यांकडून वसूल करतात, आणि जो या साखळीत बसत नाही त्याला वर पैसे पोचवता येत नसल्याने ती जागा टिकवता येत नाही, असे त्यांनी दाखवले. मग खिडकीवरच्या एका माणसाला पकडून काय होणार? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात नोटांना पावडर लावलेली असते, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटे बुडवली की पाणी गुलाबी होते आणि पंच सही करतात. तो पुरावा भक्कम असतो, पण साखळीच्या शेवटच्या कडीपुरता. म्हणूनच महाराष्ट्राचा २००५चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा मला या विषयातला महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. एका पदावर साधारण तीन वर्षे आणि एका टेबलावर फाइल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त नाही, हे दोन नियम त्याने एकत्र आणले. लाचेचा भाव बदली आणि दिरंगाई या दोन ठिकाणी ठरतो, हे त्या कायद्याने ओळखले. त्याची अंमलबजावणी किती झाली, हे तुमच्या तालुक्याच्या कचेरीत तुम्हीच तपासू शकता.

अभ्यासकाने आपल्या श्रद्धेला धक्का देणारे पुरावेही जवळ ठेवावेत. इंडोनेशियात सहाशेहून अधिक गावांच्या रस्त्यांवर बेंजामिन ओल्केन यांनी प्रयोग केला. रस्ते खणून नमुने काढले आणि साहित्य खरोखर किती पडले ते मोजले. सरकारी तपासणी नक्की होणार असे आधी सांगितलेल्या गावांत गळती स्पष्ट घटली. लोकांचा सहभाग वाढवण्याचा सरासरी परिणाम मात्र फार थोडा दिसला. आंध्र प्रदेशातल्या सामाजिक अंकेक्षणाचा अभ्यास करणाऱ्या फरझाना आफ्रिदी आणि वेगार्द इव्हर्सन यांनाही आढळले, की वारंवार अंकेक्षण होऊनही गैरव्यवहार एकूण घटले नाहीत. सहज सापडणाऱ्या प्रकारांकडून ते अवघड प्रकारांकडे सरकले. यामुळे कोट किरानाचे मोल कमी होत नाही, असे माझे मत आहे. पकडल्यावर पुढे काय, वसुली कोण करणार, हा प्रश्न मात्र त्यातून समोर उभा राहतो आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

या कागदांची किंमत काहींनी जिवाने दिली आहे. जमीनव्यवहारांची कागदपत्रे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१०मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. मस्टरवर नावे असतात. नावे झाकली तर कोट किरानासारखी सुनावणी कशी घ्यायची, याचा विचार नव्या वाचकांनी जरूर करावा.

आता तुम्ही काय करावे? मोठ्या घोटाळ्यांपासून सुरुवात करू नका. ते वर्तमानपत्रांतून जेवढे कळतात त्याहून अधिक झाकलेले राहतात. आपल्या गावातले एखादे लहानसे पूर्ण झालेले काम निवडा: शाळेचे स्वच्छतागृह, गल्लीतले गटार, अर्धा किलोमीटरचा रस्ता. त्याची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक एवढेच कागद मागवा. कचेरीतल्या माणसाशी सौजन्याने बोला. त्याच्यावर दोन जागांचा कार्यभार असू शकतो आणि प्रामाणिक कारकुनाला नीट ठेवलेले दप्तर दाखवताना आनंदच होतो. अंदाजपत्रकातले आकडे पहिल्यांदा डोक्यावरून जातील. एखाद्या निवृत्त शाखा अभियंत्याजवळ संध्याकाळी तासभर बसा. मग मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि तीस मीटरचा टेप घेऊन त्या जागेवर जा. त्या कामावर राबलेले एक-दोन मजूर सोबत घ्या आणि लांबी, रुंदी, खोली मोजायला त्यांनाच सांगा.