घंटाफुलवेली, न्यूझीलंडमधील

कँपॅन्युलेसी कुलातील वेली, मुख्यतः कोडोनॉप्सिस आणि कॅनरिना या प्रजातींतील. महाराष्ट्रात या कुलाची ओळख सह्याद्रीतल्या देवनळामुळे आहे. तो सरळसोट वाढतो, चढत नाही. न्यूझीलंडमधील वाहलेनबर्गिया अल्बोमार्जिनाटा ही देशी घंटाफुलाची जातही डोंगरउतारांच्या गवतात बुटकीच राहते. त्यामुळे चढणाऱ्या जाती तिथे बाहेरून आलेल्या आणि हौशी बागाइतदारांनी बियांपासून वाढवलेल्या आहेत.

कोडोनॉप्सिस हे नाव ग्रीक असून अर्थ 'घंटेसारखी'. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांनी १८२४ मध्ये ते दिले. हिमालयापासून कोरिया-जपानपर्यंत तिच्या चाळिसेक जाती सापडतात. लान्सिओलाटा या जातीची मुळे कोरियात खातात, पिलोसुलाची चिनी औषधात वापरतात. बागेत मात्र या वेली फुलासाठी लावतात. फूल बाहेरून फिकट हिरवट, कुणाचे लक्षही जाऊ नये असे. खाली वाकून आत डोकावले की जांभळी नक्षी दिसते. म्हणून वेल डोळ्यांच्या उंचीवर चढवणे हेच शहाणपण. पान चुरगळले तर वास मात्र उग्र.

बी मोहरीहून बारीक असते. निचऱ्याच्या मिश्रणावर (तिथे त्यात ज्वालामुखीचा प्यूमिस दगड सर्रास घालतात) ते नुसते पसरावे, फार तर बारीक खडीचा पातळ थर द्यावा. १५ ते २० अंश सेल्सिअसला काही आठवड्यांत ते रुजते, त्यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते ऋतूंचे. उत्तर गोलार्धातले बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते, तेव्हा न्यूझीलंडमध्ये वसंत असतो. लगेच पेरले तर कोवळ्या रोपांवर ऐन उन्हाळा येतो. बी कोरडे करून शीतकपाटात ठेवावे आणि एप्रिल-मेमध्ये किंवा थंडी ओसरताना ऑगस्टात पेरावे.

खरी कसोटी पहिल्या वर्षाची. दांडा केसासारखा असतो, बोट लागले तरी तुटतो. रोपे लवकर वेगळी करण्याचा मोह आवरून ती त्याच कुंडीत राहू द्यावीत आणि बारीक काड्यांचा आधार द्यावा. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, मातीत चिमुकला कंद उरतो आणि कुंडी रिकामी समजून ओतून टाकली जाते. कित्येक दुर्मीळ वेली अशाच गेल्या असाव्यात. वसंतात नवा कोंब फुटताच बिनशंखाच्या गोगलगाई रात्रीत तो फस्त करतात. दक्षिण बेटाचा गार उन्हाळा, विशेषतः ड्युनेडिनचा, या हिमालयी वेलींना मानवतो. कँटरबरीत 'नॉरवेस्टर' या कोरड्या, उष्ण वाऱ्यापासून आडोसा लागतो.

कॅनरिना कॅनारिएन्सिसचे सगळे उलटे. कॅनरी बेटांवरची ही नारिंगी-तांबड्या घंटांची वेल लिनियसने १७५३ मध्ये कँपॅन्युला म्हणूनच नोंदवली होती. ती उन्हाळ्यात झोपते, शरदात उठते, हिवाळ्यात फुलते. न्यूझीलंडमध्ये म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी तोडायचे आणि मार्चमध्ये पुन्हा सुरू करायचे. धुके-दव चालते, हिमतुषार मात्र नाही. म्हणून ऑकलंड आणि त्याच्या उत्तरेकडचा भाग तिला योग्य, दक्षिणेत काचघर हवे. तिला कोरड्या बोंडाऐवजी गरयुक्त फळ धरते; गर धुऊन बी वेगळे करावे लागते.

बी मागवण्यावर बंधने आहेत. जैवसुरक्षा कायदा १९९३ चा. शिवाय २९ जुलै १९९८ पूर्वी देशात नसलेली जात कायद्याने 'नवा जीव' ठरते आणि तिच्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. कुठली जात आणता येईल हे प्राथमिक उद्योग मंत्रालयाच्या नोंदीत पाहावे लागते. म्हणून देशातल्या देशात बी वाटून घेण्याला महत्त्व आले. न्यूझीलंड अल्पाइन गार्डन सोसायटीसारख्या संस्थांच्या बीवाटपातून अशा जाती हातोहात फिरतात.