फुप्फुसाचा कर्करोग आणि अर्बुदरोधक जनुके

अबुधाबी अमिरातीच्या पश्चिमेस असलेल्या रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणाऱ्या अभियंत्यांना आपत्कालीन सुरक्षायंत्रणा परिचित असते: धोका दिसताच ती प्रक्रिया थांबविते. मानवी पेशीत हेच काम अर्बुदरोधक जनुके करतात.

सतराव्या गुणसूत्रावरील टीपी५३ हे त्यांतील प्रमुख जनुक होय. त्यापासून बनणारे पी५३ प्रथिन १९७९ मध्ये प्रकाशात आले. डीएनएला इजा झाल्यास ते पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीस अवसर देते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीचा अंत घडविते. अशा जनुकाच्या दोन प्रती असतात; सामान्यतः दोन्ही निकामी झाल्यावरच संरक्षण ढासळते. हा ‘दोन आघातां’चा सिद्धान्त आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडला.

फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात टीपी५३ आणि आरबी१ ही दोन्ही जनुके जवळजवळ सर्व रुग्णांत निकामी झालेली आढळतात. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य टीपी५३ मधील ठरावीक जागांनाच चिकटते, असे १९९६ मध्ये दिसून आले. फुप्फुसांच्या अर्बुदांत वारंवार बिघडलेल्या आढळणाऱ्या जागाही त्याच.

अतिसक्रिय झालेल्या ईजीएफआर प्रथिनाला रोखणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. गमावलेले टीपी५३ परत मिळवून देणारे औषध मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप नाही. थांबविण्याची यंत्रणाच नष्ट झाली, तर ती पुन्हा बसविणे कठीण असते. म्हणूनच सिगारेट असो वा शीशा, धुरापासून दूर राहण्याचे महत्त्व मोठे आहे. धूम्रपान सोडल्यानंतर धोका वर्षागणिक कमी होत जातो.