नदीखोरी, जुनी गावे आणि सायकलची वाट : यवतमाळ जिल्ह्यातील मार्गांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासलेखनात कापूस, जंगल सत्याग्रह आणि सहकार या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र हे सारे ज्या वाटांवरून घडले त्या वाटा बहुधा तळटीपेतच राहिल्या. रेल्वेची नोंद दप्तरात सापडते, कारण तिच्यात भांडवल गुंतलेले असते. बंडीची नोंद बाजाराच्या निमित्ताने होते. सायकलीची नोंद मात्र नगरपालिकेच्या सायकल-करापुरती आणि त्या कराच्या पितळी बिल्ल्यापुरतीच उरते. डेव्हिड अर्नोल्ड व एरिक डेवाल्ड यांनी २०११ साली वसाहतकालीन भारत आणि व्हिएतनाममधील सायकलीवर लिहिलेल्या निबंधामुळे या साध्या वाहनाकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची दृष्टी अभ्यासकांना मिळाली. विदर्भाच्या संदर्भात तसा विचार अद्याप फारसा झालेला नाही.

अलीकडे नदीखोऱ्यांतून व जुन्या गावांतून सायकल-सहली करण्याची आवड वाढली आहे. या सहलींचे मार्ग ‘निसर्गरम्य’ म्हणून सांगितले जातात. ते निसर्गरम्य आहेत यात शंका नाही. परंतु त्यांची चढण, त्यांचे वळण आणि त्यांवरील गावांमधील अंतर ही निसर्गाइतकीच इतिहासाचीही निर्मिती आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

खोरी आणि वाटा

१३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर वर्धा आणि दक्षिण सीमेवर पैनगंगा वाहते. वणी तालुक्यात जुगादजवळ या दोन नद्यांचा संगम होतो. मधल्या पठारावरून बेंबळा वर्धेकडे जाते, तर आडाण, अरुणावती आणि पूस या नद्या पैनगंगेच्या बाजूस उतरतात. वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग पूर्वापार मानले जात, त्यांपैकी हा प्रदेश बालाघाटात मोडतो.

नकाशा पाहून सायकलस्वाराची अशी अपेक्षा होते की नदीच्या काठाकाठाने रस्ता जात असेल. प्रत्यक्षात तसा रस्ता क्वचितच मिळतो. खोऱ्याच्या तळाशी कापसाची काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती चाकाला अशी धरते की बंडीचा बैलही थांबतो आणि सायकलीचे मडगार्ड चिखलाने गच्च होते. म्हणून बारमाही वाट शक्यतो मुरमाड उंचवट्याने चालते, नदी ओलांडण्यापुरती खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. काठाकाठाने जाते ती पांदण; ती शेतापर्यंत पोचवते, पुढच्या गावापर्यंत पोचवीलच असे नाही.

जुनी गावे नेमकी या उतारांच्या ठिकाणी वसलेली दिसतात. आर्णी अरुणावतीवर, पुसद पूस नदीवर, वणी निर्गुडेवर, कळंब चक्रावतीवर. तळपायाने किंवा पायंडलाने प्रवास करणाऱ्यास गाव येण्यापूर्वीच उतार लागतो आणि गाव सुटताच चढ लागतो. मोटारीत बसलेल्यास हा भूगोल जाणवत नाही. त्यामुळे सायकल हे येथे इतिहासाभ्यासाचे एक साधनही ठरू शकते, असे म्हणण्यास हरकत नाही.

लदेणी, बंडी आणि कापसाची सडक

‘ऐन-इ-अकबरी’तील वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंब आणि माहूर या दोहोंचा समावेश आहे. कळंब आज चिंतामणी गणेशाचे क्षेत्र म्हणून ओळखले जाते. माहूर पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्यात आहे. या दोन ठाण्यांना जोडणारा पट्टा म्हणजे स्थूलमानाने आजचा कळंब–यवतमाळ–आर्णी–धनोडा हा मार्ग होय. रेणुकेच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडतो.

या प्रदेशातील मालवाहतूक दीर्घकाळ बंजाऱ्यांच्या लदेणीवर चालत असे. धान्य व मीठ पाठीवर घेतलेल्या बैलांच्या तांड्याला पक्की सडक लागत नसे. त्याला लागे पाणी, चारा आणि मुक्कामाची मोकळी जागा. पुसद व दिग्रस परिसरातील तांड्यांची दाट वस्ती पाहिली म्हणजे लोकसंख्येच्या इतिहासातही या वाटांची खूण टिकून आहे हे ध्यानात येते. पुढे बंडी आणि रेल्वे यांनी लदेणी मोडीत काढली.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. त्यानंतर जिल्ह्यातील रस्त्यांची दिशाच बदलली. पूर्वी वाटा कळंब, माहूर, वणी अशा ठाण्यांकडे जात. आता त्या रेल्वे स्थानकाकडे वळल्या. बाभूळगाववरून धामणगावला जाणारी यवतमाळची सडक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. प्रशासनानेही हेच वळण घेतले. पूर्वी ‘वणी’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये ‘यवतमाळ’ झाला.

लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात हे रस्ते व लोहमार्ग स्थानिक गरजेपेक्षा निर्यातीसाठी बांधले गेले, असे दाखवून दिले आहे. ते मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गाठींसाठी बांधलेली सडक केवळ गाठींचीच राहिली नाही. जिनिंगचा मजूर, शाळेचा गुरुजी, टपाल वाटणारा आणि आठवडी बाजाराचा माळवेवाला यांनी ती आपली करून घेतली, आणि त्यात सायकलीचा वाटा मोठा आहे.

सायकलीचे आगमन

आरंभी सायकल विलायती होती आणि ती वकील, अधिकारी व डॉक्टर यांच्या दारात दिसे. मुंबईत १९३९ मध्ये हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर अ‍ॅटलस (१९५१), सेन-रॅले (१९५२) व हिरो (१९५६) यांच्या उत्पादनामुळे ती खेड्यापर्यंत आली. लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागण्याची रीत याच काळातली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ उभी राहिली. पंक्चरचा धंदा मात्र बाभळीच्या काट्यांनी चालविला, असे विनोदाने म्हणता येईल. कापसाच्या धुऱ्यावरची बाभूळ रस्त्याच्या दोन्ही अंगांनी आहेच.

अगदी अलीकडच्या काळात मानव विकास कार्यक्रमाद्वारे, २०११ पासून राज्याच्या २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत, दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यात आल्या. एकेकाळी वकिलाच्या दारातली वस्तू आठवी-नववीतल्या मुलीच्या हाती आली, ही घटना सामाजिक इतिहासात सायकल-सहलीपेक्षा निश्चितच मोठी आहे. सहलीचा रस्ता आणि तिच्या शाळेचा रस्ता बहुधा एकच असतो. म्हणून ‘निसर्गरम्य मार्ग’ ठरविताना प्रथम तिचा विचार व्हावा.

तीन मार्ग

पुसदकडून पूस नदीच्या खोऱ्याने महागावकडे जाणारा मार्ग डोंगरांच्या कुशीतला आहे. पुसदजवळच्याच राखीव जंगलात १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली गवत कापून जंगल सत्याग्रह झाला. गवत आणि सरपण यांसाठी जंगलात जाणारी पायवाट हा त्या सत्याग्रहाचा खरा विषय होता, हे येथील टेकड्या चढताना जेवढे पटते तेवढे वाचून पटत नाही.

दुसरा मार्ग पांढरकवड्याचा. नागपूर–हैदराबाद या जुन्या मार्गावरील हे गाव. त्याजवळच्या शिवणी येथे १७ एप्रिल १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाला. या महामार्गावर आज अवजड वाहने इतकी आहेत की सायकलस्वाराने आतले रस्तेच धरावेत. वणी परिसरात कोळशाच्या ट्रकांमुळे तीच स्थिती आहे.

तिसरा आणि सर्वांत अर्थपूर्ण मार्ग यवतमाळहून लाडखेडवरून दारव्ह्याकडे, पुढे कारंजाकडे जाणारा. त्याच्या सोबतीने मूर्तिजापूर–यवतमाळ ही ७६२ मि.मी. रुंदीची अरुंद लोहवाट आहे. किलिक निक्सन कंपनीशी संबंधित भांडवलातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभी राहिलेली सुमारे ११३ कि.मी.ची ही वाट ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या मनात आहे. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचे इंजिन धावत असे. आता गाडी बंद आहे. इंजिनाला चढ सोसत नसल्याने अभियंत्यांनी पठार ते आडाणचे खोरे हा उतार हलक्या हाताने घेतला. बैलाच्या आणि सायकलस्वाराच्या पायाला रस्त्यात हवा असतो तो नेमका हा उतार.

वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा–कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. शकुंतलाचेही ब्रॉडगेज व्हावे ही जनतेची मागणी रास्त आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रुंदीकरणात जी वळणे सुटतील त्यांचा. नागपूर–तुळजापूर महामार्गासारख्या कामात रस्ता सरळ करताना जुनी वळणे, रपटे आणि दगडी मोऱ्या बाजूला पडतात. काही काळात त्यांवर अतिक्रमण होते किंवा त्यांचा दगड उचलला जातो. लोहवाटेच्या सुटलेल्या पट्टीचेही तेच होण्याची शक्यता आहे. ही पट्टी महसूल दप्तरात आजच सार्वजनिक वाट म्हणून नोंदविली गेली, तर भराव, मोऱ्या आणि लहान स्थानकांच्या इमारती यांचे मोजमाप जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना एका हिवाळ्यात करता येईल. लाडखेड ते दारव्हा या टप्प्यापासून आरंभ करावा; तेथे लोहवाट आणि सडक एकमेकींच्या जवळ असल्याने दोहोंची तुलना सायकलीवरूनच शक्य आहे.