शाळिग्रामाचे मूळ गाव

महाराष्ट्रातील ज्या घरांत पंचायतन पूजण्याचा प्रघात आहे, त्यांच्या देव्हाऱ्यात नर्मदेचा बाण आणि शोण नदातील तांबडा गणेश यांच्या शेजारी गंडकीचा काळा शाळिग्राम असतो. आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा पुष्कळ ठिकाणी वराचा मान याच गुळगुळीत गोट्याला मिळतो. हा गोटा कसा उत्पन्न झाला याविषयी आपले पूर्वज उदासीन नव्हते. वज्रकीट नावाचा किडा पाषाण पोखरून त्यात चक्रे कोरतो अशी त्यांची समजूत होती, आणि चक्रांची संख्या, द्वाराचे रूप व वर्ण पाहून वासुदेव, संकर्षण, दामोदर, नृसिंह असे त्याचे भेद त्यांनी पाडले. अग्निपुराणात या लक्षणांना एक स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. किड्याची कथा निराधार खरी, पण चक्राचा कर्ता कोणी जीव असला पाहिजे हा तर्क, माझ्या मते, हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तो जीव म्हणजे अमोनाइट : माकूल आणि ऑक्टोपस यांच्या दूरच्या गोतातला, कप्प्याकप्प्यांच्या वळलेल्या शंखात राहणारा समुद्रचर. आज जेथे हिमालय आहे तेथे टेथिस समुद्र होता, त्या काळी, म्हणजे सुमारे १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी, भारतखंडाच्या उत्तरेकडील समुद्रतळावर जो काळा चिखल साचत गेला त्यात हे शंख पुरले गेले. कित्येकांभोवती खनिजे साकळून कठीण गोळे बनले, आणि भोवतालचा चिखल दबून त्याचा पापुद्र्यांनी सुटणारा ठिसूळ शेल झाला. हा तळ पर्वतात उचलला गेल्यानंतर हिमपाण्याने शेलाचा भुगा होत राहिला, गोळे तेवढे तगले, आणि काली गंडकीने ते मुक्तिनाथाच्या मुलुखातून खाली आणले. काहींच्या शंखाची जागा लोहमाक्षिकाने घेतलेली असल्यामुळे त्यांत सोन्यासारखी झाक दिसते.

पाश्चात्त्य शास्त्राच्या दप्तरी या दगडांची नोंद झाली तीही अशाच सुट्या नमुन्यांवरून. १८३० च्या दशकाच्या आरंभी जॉन एडवर्ड ग्रे यांनी हिमालयातून आलेल्या अमोनाइटांना नावे दिली, त्यांपैकी एक नेपाळवरून आणि दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांच्यावरून होते. पण ते नमुने कोणत्या थरातले, याचा पत्ता त्या नावांत नव्हता. तो पत्ता लावण्याचे काम मोरेवियात जन्मलेल्या फर्डिनांड स्तोलिच्का या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील तरुण अधिकाऱ्याने केले. १८६४ साली तो मॅलेट या सहकाऱ्यासह हिमाचलातील स्पितीच्या खोऱ्यात गेला, आणि पुढल्याच वर्षी त्याने तेथील स्तरांची जी अनुक्रमणी मांडली तीत अमोनाइटांच्या या काळ्या शेलाच्या थराला ‘स्पिती शेल’ हे नाव देऊन वरच्या वालुकाश्माला गिउमल आणि त्याच्याही वरच्या चुनखडकाला चिक्किम या गावांची नावे दिली. ती अद्याप चालू आहेत. स्तोलिच्का मात्र यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ च्या जूनमध्ये लडाखातील मुर्गो येथे, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारला.

थराला नाव मिळाले तरी त्याचे वय ठरेना. १८९२ साली कुमाऊँच्या सीमेपलीकडे गेलेल्या मोहिमेनंतर कार्ल डीनर याने शेलाचे तीन भाग पाडले : खाली बेलेम्नाइट या माकुलाच्याच गोतातल्या जीवांचे थर, मध्ये चिदामू आणि वर लोचंबल. पुढे व्हिक्टर उलिग याने १९०३ ते १९१० या काळात स्पिती शेलातील प्राण्यांवर आपला विस्तीर्ण ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला आणि स्पितीच्याच नावाने ‘स्पितिसेरस’ ही एक प्रजाती स्थापली. उलिगच्या चिकाटीविषयी शंका घेण्यास जागा नाही. अडचण होती ती त्याच्या टेबलावर आलेल्या सामग्रीची. उतारावरून घरंगळलेले, ओढ्यात वेचलेले किंवा बाजारातून घेतलेले गोळे हे मूळ गावाचा दाखला हरवलेल्या इसमासारखे असतात; त्यांची जात सांगता येते, पण कोण आधीचा आणि कोण नंतरचा हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून जुरासिक आणि क्रिटेशस या दोन्ही कल्पांचे जीव एकाच यादीत आले, आणि ते थरात कोणत्या क्रमाने येतात हा वाद पुढच्या पिढ्यांसाठी राहिला.

तो सोडवताना वर्गीकरणाची पद्धतच बदलावी लागली. आजचे स्तरवैज्ञानिक एकाच खडकाच्या तीन स्वतंत्र नोंदी ठेवतात : खडकाच्या रूपावरून शैलसमूह, जीवाश्मांवरून जीवविभाग आणि काळावरून कालस्तर. ‘स्पिती शेल’ हे नाव केवळ पहिल्या रकान्यातले. खाली लोहयुक्त चुनखडकाचा पातळ थर आणि त्यावर निक्षेपणाचा खंड, वर गिउमल वालुकाश्म, अशी त्याची हद्द; याच काळ्या शेलाचा विस्तार झांस्करपासून नेपाळपर्यंत मिळतो, आणि तेथील काली गंडकीच्या काठच्या थाकखोला भागात काही संशोधक त्याला नुप्रा शैलसमूह म्हणतात. जुरासिक आणि क्रिटेशस यांमधील सीमा या शेलाच्या वरच्या भागातून जाते. त्या ठिकाणी खडकाचा रंग किंवा पोत बदलत नाही, आणि ती रेघ ओढायची तर आपापल्या थरातून मोजून काढलेल्या अमोनाइटांच्याच आधाराने ओढावी लागते.