जलालाबादचा अपघात आणि एक डबा

जलालाबाद हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी ओळखीचे आहे. जलालुद्दीन अकबराच्या नावावरून या शहराला हे नाव पडले असे मानतात. आणि १९८८ साली खान अब्दुल गफार खान, म्हणजे आपले बादशहा खान, यांना याच मातीत दफन करण्यात आले. २०१५ साली एका विमान अपघातामुळे हे नाव पुन्हा जगाच्या बातम्यांत आले. अपघात युद्धभूमीवर झाला, पण त्याला कारण ठरला एक साधा डबा.

१ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अमेरिकी हवाई दलाचे सी-१३० जे हे मालवाहू विमान बगरामहून जलालाबादच्या तळावर उतरले. सामान चढवून मध्यरात्रीनंतर ते परत निघाले आणि जमीन सोडल्यावर अवघ्या २८ सेकंदांत कोसळले. विमानातील अकराही जण ठार झाले. त्यांत हवाई दलाचे सहा आणि कंत्राटी कामावरचे पाच नागरिक होते. तळाच्या हद्दीवरील पहाऱ्याच्या मनोऱ्यावर विमान आदळले आणि तेथील तीन अफगाण पहारेकरीही मृत्युमुखी पडले.

विमान आम्हीच पाडले, असा दावा तालिबानने लगोलग केला. चारच दिवसांपूर्वी कुंदुझ शहर त्यांच्या हाती पडले होते, त्यामुळे असा दावा कोणालाही खरा वाटावा अशी ती वेळ होती. पण एप्रिल २०१६ मध्ये हवाई दलाचा चौकशी अहवाल आला आणि त्यातून वेगळीच हकिकत समोर आली.

त्या रात्री चढवायचे सामान उंच होते. विमानाच्या शेपटीचा हलता भाग, ज्याला एलिव्हेटर म्हणतात, तो त्याच्या आड येत होता. वैमानिकाने समोरचा दांडा मागे ओढून एलिव्हेटर वर उचलला. दांडा सारखा हाताने धरून बसावे लागू नये म्हणून रात्री पाहण्याच्या चष्म्याचा टणक डबा त्याने दांड्यापुढे अडकवला. काम सोपे झाले. निघताना मात्र तो डबा काढायचा राहून गेला. कॉकपिटमध्ये अंधार होता, डोळ्यांवर तेच खास चष्मे होते. डबा कोणाच्या लक्षात आला नाही. विमान उडाले आणि त्याचे नाक वर वर जाऊ लागले. सहवैमानिकाला वाटले, ट्रिमच्या यंत्रणेत बिघाड झाला आहे. त्यामुळे उपाय भलताच झाला. नाक इतके उंचावले की पंखांवरचा हवेचा आधार सुटला आणि विमान खाली आले.

ही चूक नवी नव्हती. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, ३० ऑक्टोबर १९३५ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे नवे लष्करी विमान असेच उडताक्षणी कोसळले होते. उभ्या विमानाचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. मेजर प्लॉयर हिल यांच्यासारखा अनुभवी वैमानिक त्यात गेला. त्यातून अमेरिकी वैमानिक एक धडा शिकले. स्मरणशक्तीवर विसंबू नये, उड्डाणापूर्वी करायच्या कामांची यादी करावी आणि एकेक काम तपासून पाहावे. आज जगभर वापरली जाणारी चेकलिस्ट अशी रूढ झाली.

मग ती यादी जलालाबादला का उपयोगी पडली नाही? कारण यादीत विमानाच्या नेहमीच्या खिळी असतात, आयत्या वेळी अडकवलेला डबा नसतो. नियमात नसलेली सोय जो करतो, तिची आठवण ठेवणेही त्याच्याच माथी येते. आणि माणूस विसरतो, हे तर १९३५ सालीच कळून चुकले होते.

पण या विस्मरणाची किंमत विमानात नसलेल्यांनीही मोजली. हवाई दलाच्या सहा जणांची नावे जाहीर झाली, त्यांना मानवंदना मिळाली; ते योग्यच झाले. बहुतेक बातम्यांत अफगाण पहारेकरी मात्र 'तीन' या आकड्यापुरतेच उरले. त्यांनी ना दांडा ओढला होता, ना डबा ठेवला होता. आपल्या जागेवर ते पहारा देत उभे होते. या अपघाताचा इतिहास सांगताना डब्याची गोष्ट जेवढी सांगावी, तेवढीच त्यांचीही सांगायला हवी.